बटाटा मागितला, रताळं आलं! (ब्युनोस आयरेस ते लिमा, व्हाया मेंदोसा)

कृष्णाकाठची

मंडळी, मागे मी "सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन कुठे जावं" असा धागा काढला होता. त्यावर तुम्ही सगळ्यांनी केरळ, केरळ आणि केरळ सुचवलंत. आम्ही अर्जेंटिनाला गेलो. दोष नवऱ्याचा आहे, धागा त्याला वाचून दाखवू नये.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून २३ दिवस. ब्युनोस आयरेस, तिथून मेंदोसा, मग बसने अँडीज ओलांडून चिलीत सांतियागो आणि वाल्पाराइसो, शेवटी पेरूमधलं लिमा. नवरा सगळं खातो. मी मासे-अंडी. सासूबाई शुद्ध शाकाहारी, वर संकष्टी आणि एकादशी दोन्ही. वाइन मी आणि नवरा पितो. त्या पीत नाहीत, पण पेल्याचा वास घेऊन मत देतात, आणि ते मत बहुतेक वेळा बरोबर निघतं.

पहिली रात्र. ब्युनोस आयरेसमधलं एक परिज्या, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजणारं हॉटेल. तिथे शाकाहारी माणसासाठी प्रोवोलेता असतं. प्रोवोलोने चीजची जाड चकती जाळीवर भाजून वर ओरेगानो आणि तिखटाची भरड टाकतात. ते मागवलं. सोबत काय? मी हुशारी केली. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, शेजारीच ब्राझील, तेव्हा इथे चालणारच. ठसक्यात म्हटलं, "बताता फ्रिता". आली की छान सोनेरी फोडींची ताटली. सासूबाईंनी एक उचलली आणि म्हणाल्या, "अगं, हे रताळं आहे!"

अर्जेंटिनात बताता म्हणजे रताळंच. मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा हा रताळ्याचा शब्द. पोर्तुगीजांनी तो बटाट्याला चिकटवला आणि तोच आपण घेतला. स्पॅनिश दक्षिण अमेरिकेत बटाट्याला म्हणतात पापा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतः मेन्यूवर बोट ठेवून वेटरकडे "पापा" मागितला. नवरा हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता. वेटर गंभीरपणे "सी, सेन्योरा" म्हणून गेला.

शाकाहाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. कोर्रिएंतेस रस्त्यावर जुनी पिझ्झाघरं आहेत (ग्वेरीन हे १९३२ सालचं). काउंटरवर उभ्यानेच खायचं. फुगासेता मागवा, कांदा आणि चीज ओसंडून वाहतं. त्यावर फायना नावाचं एक त्रिकोणी प्रकरण ठेवतात. इटलीतल्या जेनोआकडून आलेलं, बेसनाचं, भट्टीत भाजलेलं. सासूबाई दोन घासांत म्हणाल्या, "धिरडं आहे. ओवा घालायला हवा होता." दुसरी गोष्ट मेदियालुनाची, म्हणजे चंद्रकोरीसारख्या पावाची. तो दोन प्रकारचा असतो. 'दे मान्तेका' म्हणजे लोण्याचा आणि 'दे ग्रासा' म्हणजे प्राण्याच्या चरबीचा. बारीक, खुसखुशीत असतो तो चरबीचा. न विचारता उचलू नये.

आणि संकष्टी! तिथे रात्री साडेआठ-नऊच्या आत जेवायला बसलं तर लोक तुम्हाला आजारी समजतात. आम्ही रोज सातपासून भुकेने कळवळायचो. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदय साडेनऊच्या सुमारास होता. उपवास सोडायची वेळ आणि गावाच्या जेवणाची वेळ आयुष्यात प्रथमच जुळली. गच्चीवर चंद्र बघितला तर तो उलटा! डाग खालचे वर, वरचे खाली. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उलटा असला तरी तोच आहे," आणि नैवेद्य दाखवला.

मेंदोसाबद्दल खाली प्रतिसादात लिहिते, हात दुखला.

भटकभवानी

वाखूसा (वाचनखूण साठवली)! पापा वाचून ऑफिसात हसले, मॅनेजर बघतोय.

ग्रासियासचं लिहिलं नाहीत? माते (तिकडचा पानांचा कडू काढा) पिताना मी गंडले होते. एकच भोपळ्याचा पेला, एकच नळी, आणि ओतणारा माणूस एकच. पहिला कडू घोट तो स्वतः पितो, मग पेला भरून एकेकाला देतो. आपण पेला रिकामा करून परत करायचा, गप्प. मी मुंबईच्या संस्कारांनी पहिल्याच फेरीला ग्रासियास म्हटलं. त्यानंतर पेला माझ्यापर्यंत आलाच नाही. तिथे "धन्यवाद" म्हणजे "मला पुरे". तासभर बसून इतरांचं पिणं बघितलं.

तँगोच्या मिलोंगातही, म्हणजे नाचाच्या मैफिलीतही, तेच. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात. पहिल्या गाण्यानंतर जोडीदाराला ग्रासियास म्हटलंत तर अर्थ होतो, "झालं, मला तुमच्याशी नाचायचं नाही." त्या भल्या गृहस्थाचा चेहरा अजून आठवतो. बोलावणंही तोंडाने नसतं. हॉलच्या पार टोकाकडून नजर भिडवायची आणि मान किंचित हलवायची. नकार द्यायचा तर नुसतं दुसरीकडे बघायचं. कुणाचा पाणउतारा नाही.

मडगांवकार

त्या नळीला बोंबिया म्हणतात ना? अर्जेंटिनावाले बोंबिशा म्हणतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुक्या बोंबलाचा काही प्रकार असेल म्हणून खूश झालो होतो.

ब्राझीलला जा, तिथे बटाटा मागितलात तर बटाटाच मिळेल. आमच्या घरात फेजोआद (घेवडा आणि डुकराच्या मांसाचा रस्सा) होतं, तिथेही फेजोआद. आमच्यात चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, घालतात, त्यांच्यात काळा घेवडा आणि डुकराचं काय वाट्टेल ते. काजू तर तिथलाच. पण त्याच्या बोंडाची फेणी करावी हे त्यांना सुचलं नाही. ते नुसता रस पितात. वाईट वाटलं.

पाणीच_बरं

लेख छान, पण शीर्षकात मेंदोसा दिसलं आणि रोख कळला. दारू प्यायला इतक्या लांब जायचं आणि त्याला संस्कृती म्हणायचं. इथे सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला होता तेव्हाही हीच भाषा होती.

गप्पिष्ट

@पाणीच_बरं, २०२२च्या त्या निर्णयावर ३०० प्रतिसादांचा धागा पडलाय. तो वर काढा, इथे नको.

कृष्णाकाठची

@पाणीच_बरं, तुमचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, मी पाणीच पाहायला गेले होते." आणि ते खरं आहे. म्हणून आता मेंदोसा.

माझं माहेर तासगावकडचं. वडिलांची द्राक्षबाग होती, बेदाण्याची. त्यामुळे मी बागेत शिरले की पेल्याकडे नाही, आधी खोडाकडे आणि मग पाण्याकडे बघते. मेंदोसा हे खरं तर वाळवंट आहे. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. पण शहरात उतरलात तर सगळीकडे झाडं, तुती आणि चिनार जातीची, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर मांडव धरल्यासारखी. कारण प्रत्येक रस्त्याच्या कडेला दगडी पाट आहे. आसेकिया म्हणतात. भर बाजारात, बँकेसमोर, शाळेसमोर, उघडा पाट. युरोपीय येण्याआधी तिथे राहणाऱ्या उआर्पे लोकांनी याची सुरुवात केली. अँडीजवरचं बर्फ वितळतं, नदीला येतं, नदीतून पाटाला. १८६१च्या भूकंपात जुनं शहर पार झोपलं. नवं बांधताना रस्ते मुद्दाम रुंद ठेवले आणि मोठे चौक सोडले, पुन्हा जमीन हलली तर पळायला जागा असावी म्हणून. पाट मात्र राहिले. नवऱ्याचा पाय पहिल्याच संध्याकाळी त्यात गेला. गुडघाभर खोल.

बागेतल्या माणसाशी बोलताना (भाषांतराला मालकाची मुलगी) कळलं की पाण्याला पाळ्या असतात, आणि पाळीप्रमाणे दार उघडणाऱ्या माणसाला तोमेरो म्हणतात. मी जवळजवळ ओरडले, "पाटकरी!" वडिलांची अर्धी भांडणं पाटकऱ्याशी झाली. विचारलं, तुमच्याकडे भांडणं होतात का. तो हसला आणि म्हणाला, पाण्याचा कायदा १८८४चा आहे, भांडणं त्याच्या आधीची.

आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. तासगावात आम्ही घड कात्रीने देठाला धरून कापायचो, मण्यावरची लव पुसली जाऊ नये म्हणून बोट लावायचं नाही, क्रेटमध्ये कागद. इथे? माणसं पळतात! खांद्यावर साधारण वीस किलोचा डबा. तो भरला की ओळीतून पळत ट्रॉलीपर्यंत, शिडीवर चढून वर उपडा करायचा, आणि उभ्या असलेल्या माणसाकडून एक बिल्ला घ्यायचा. दर डब्याला एक बिल्ला. संध्याकाळी बिल्ले मोजून पैसे. एका बाईच्या खिशात बिल्ले खुळखुळत होते आणि ती धावताना खिसा हाताने दाबून धरत होती. बाग अतिशय देखणी, मागे बर्फाचे डोंगर, पाहुणे पेले फिरवताहेत, आणि मध्ये हे पळणं. फोटोत ते कुणी घेत नाही. मीही घेतला नाही, लाज वाटली.

वाइनचं थोडक्यात. माल्बेक हे मूळचं फ्रान्समधलं, काओरच्या बाजूचं द्राक्ष. १८५३ मध्ये सार्मिएन्तो या अर्जेंटिनी नेत्याच्या प्रयत्नांतून मेंदोसात सरकारी शेतीशाळा उभी राहायचं ठरलं आणि मिशेल पुजे या फ्रेंच शेतीतज्ज्ञाबरोबर फ्रेंच रोपं आली. १७ एप्रिलला माल्बेक दिवस साजरा करतात तो त्यासाठी. फ्रान्सपेक्षा इथेच ते जास्त मानवलं. लुहान दे कुयोच्या बागा साधारण हजार मीटरवर, उको खोऱ्यातल्या त्याहून उंच. दिवसा रणरणतं ऊन, रात्री शाल लागते. रंग जांभळाच्या सरबतासारखा. सासूबाईंनी लुहानच्या पेल्याला "आलुबुखार", उकोच्या पेल्याला "जांभूळ आणि ओली माती" असं मत दिलं. ओतणाऱ्या मुलीने ते वहीत लिहून घेतलं.

निफाडकर_बागायतदार

ताई, नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, एरवी वाचनमात्र. तुम्ही खोडाकडे बघितलंत म्हणून विचारतो, कलम होतं का? आम्ही सगळे डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करतो. आणि डाउनीचं (केवडा रोगाचं) काय करतात? आमची अर्धी जिंदगी फवारणीत गेली.

कृष्णाकाठची

दादा, हाच प्रश्न मी विचारला! बऱ्याच बागा तिथे स्वतःच्याच मुळांवर, कलम नाही. रेताड जमीन आणि पाटाने भिजवणं, यामुळे मुळांवरची फिलॉक्सेरा कीड तिथे फारशी माजली नाही असं म्हणतात. हवा कोरडी, म्हणून डाउनी, भुरी कमी. त्यांचा शत्रू गारपीट. ओळीच्या ओळी काळ्या जाळीने झाकलेल्या. "गार" म्हटल्यावर त्या माणसाने छातीवर हात ठेवला. मला शब्द कळायच्या आधी तेवढं कळलं. दुसरा शत्रू सोंदा. डोंगरावरून खाली येणारा गरम कोरडा वारा, फुलोऱ्यात आला तर संपलं. जुन्या बागा आपल्यासारख्या मांडवावर आहेत, पार्राल म्हणतात.

निफाडकर_बागायतदार

गारपिटीला भाषा लागत नाही हे खरं.

एक फरक सांगतो. त्यांचा वेल थंडीत झोपतो, पानं गाळतो, वसंतात आपसूक उठतो. आमचा झोपतच नाही. म्हणून एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, डोळे फुटायला पेस्ट लावायची. पीक एक, छाटण्या दोन. आमचं खरं भावंड मेंदोसा नाही, ब्राझीलचं सान फ्रान्सिस्को नदीचं खोरं, पेत्रोलिनाकडचं. विषुववृत्तापासून नऊ अंशांवर, तिथेही वेल झोपत नाही. ते लोक नदीचं पाणी आणि छाटणी यांच्या जोरावर वर्षात दोन पिकं काढतात. कधी गेलात तर तिथे जा. बाकी चिली, पेरू हे आमचे युरोपच्या बाजारातले भाऊबंद. भाऊबंद म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पांझराकाठ

पाटकरी वाचून राहवलं नाही. आमच्या धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. बंधारा, पाट, फड, आणि गावाने नेमलेले पाटकरी, हवालदार, जागल्या. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं म्हणजे पाणी मोजायला सोपं. तिकडे पाट अजून भर शहरात वाहतोय हे वाचून बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

चिलीमिली

सांतियागोत नऊ वर्षं आहे, त्यामुळे आयडीला हसू नये.

१. वरची मान्तेकाची टीप अर्जेंटिनापुरतीच! अँडीज ओलांडलात की मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोण्याला इथे मान्तेकिया. मी पहिले दोन महिने तेच मागत होतो.

२. पास्तेल दे चोक्लो बघून शाकाहारी लोक फसतात. वर मक्याचा सोनेरी थर, खाली खिमा. त्याऐवजी उमिता घ्या. ओला मका वाटून, त्यात तुळशीच्या जातीची पानं, कणसाच्या सालीत बांधून उकडलेली. पानगीची बहीण. पण चरबी घातलीय का ते विचारा.

३. मोते कोन उएसियो प्याच. वाळवलेला पीच पाकात शिजवून थंड करतात, तळाशी सालं काढलेले गहू. खपल्याची खीर कुणी फ्रिजमध्ये विसरली तर जे होईल ते.

४. कार्मेनेर. ही गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. चिलीत वर्षानुवर्षं मेर्लो म्हणून एक द्राक्ष लावत होते. पिकायला उशीर, चवीला हिरव्या मिरचीचा झोत. सगळे म्हणायचे, आमचं मेर्लो जरा वेगळं. नोव्हेंबर १९९४ मध्ये बुर्सिको नावाचा फ्रेंच वेलतज्ज्ञ माइपो खोऱ्यातल्या बागेत फिरता फिरता थांबला आणि म्हणाला, हे मेर्लो नाहीच. हे कार्मेनेर, जे फिलॉक्सेरानंतर फ्रान्समधल्या बोर्डोतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. चिलीत ती कीड कधी आलीच नाही, त्यामुळे इथे ते दुसऱ्याच्या नावाने सुखात जगत होतं.

ताई, सीमेवर काही पकडलं का? प्रत्येक मराठी पाहुण्याचं पकडतात.

कृष्णाकाठची

पकडलं! मेंदोसाहून बस, वर चढत चढत ३२०० मीटरच्या आसपास बोगदा, पलीकडे चिली. खिडकीत बसा. थोडं पुढे वळणांचा घाट, एकाखाली एक, वरून शेवयांसारखा दिसतो. पण त्याआधी तपासणी. फळं, बिया, पानं, मध काहीही असेल तर फॉर्मवर "हो" लिहायचं. लिहिलंत तर दंड नाही, फक्त वस्तू जाते. लपवलंत तर दंड. मी "हो" लिहिलं होतं. सासूबाईंच्या पिशवीतून निघाले: मेथीदाणे, वाळवलेला कढीपत्ता, तासगावचे बेदाणे, आणि पुडीत बांधलेली तुळशीची मंजिरी. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने एकेक पुडी उघडून वास घेतला. मेथी आणि कढीपत्ता गेला, मंजिरी गेली. बेदाणे तिने दोन मिनिटं हातात धरले, वरिष्ठांना विचारून आली, आणि तेही गेले. भाजलेल्या दाण्याचं कूट मात्र परत दिलं. सासूबाई मंजिरीसाठी हळहळल्या. बेदाण्यांबद्दल म्हणाल्या, "द्राक्षांच्या देशात नेलेच कशाला."

वाल्पाराइसोबद्दल फार लिहीत नाही. रंगीत घरं, टेकड्या, वर नेणाऱ्या जुन्या तिरप्या लिफ्ट, आणि माझे गुडघे. कासाब्लांका खोऱ्यात अर्धा दिवस थांबलो. समुद्रावरचं धुकं सकाळी बागेत शिरतं, म्हणून तिथे पांढरी वाइन चांगली होते. १९८० नंतरच्या बागा, सगळं नवंकोरं, चकचकीत. मला मेंदोसाच्या धुळीची सवय झाली होती.

गप्पिष्ट

लिमा? आणि उपवासाचं काय? एकादशी कुठे आली?

कृष्णाकाठची

लिमातच आली. आणि तिथे आमच्या सासूबाईंचा विजय झाला.

लिमा म्हणजे सेविचे. लिंबाच्या रसात "शिजवलेला" कच्चा मासा, दुपारीच खायचा. मी तीन दिवस तेवढंच केलं. चिनी-पेरूवी चिफा, जपानी वळणाचं निक्केई, सगळं उत्तम. पण एकादशीच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, बाजारात चला. सुर्कियोचा बाजार. पहिल्या गाळ्यावर बटाटे. पिवळे, जांभळे, गाठीगाठींचे, बोटाएवढे. (पेरूत बटाट्याच्या हजारो जाती आहेत, लिमातच १९७१पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे.) मग चुन्यो. डोंगरात रात्री गोठवायचे, दिवसा उन्हात टाकायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं. हाताला खडा लागतो. "हे आपल्या किसासारखं वाळवणच की," त्या म्हणाल्या. पुढे रताळी. पुढे युका, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, हातभर लांब. पुढे शेंगदाणे. पुढे मिरच्या, नारिंगी, ज्यांना आही आमारियो म्हणतात. त्या मध्येच थांबल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची. "अगं, खिचडीतलं तूप-जिरं सोडलं तर सगळं इथलंच!"

खरंच आहे. पोर्तुगीज यायच्या आधी यातलं काहीही कुणाच्या एकादशीला नव्हतं. वरी आणि शिंगाडा तेवढे घरचे.

शेवटच्या गाळ्यावर एका बाईने कसली तरी वडी पुढे केली. बारीक पांढऱ्या लाह्या मधात दाबलेल्या. नाव कीविचा. सासूबाईंनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. राजगिरा. त्या बाईला मराठीत म्हणाल्या, "गुळात करून बघा." तिने अख्खी लादी कापून दिली.

भटकभवानी

कसलं भारी! मी उद्या साबुदाणा भिजवणार आहे, एकादशी नसली तरी.

रवींद्रनाथांचं कुणी लिहिलं नाही म्हणून एक ओळ. १९२४ मध्ये ते पेरूला निघाले होते. वाटेत आजारी पडून ब्युनोस आयरेसला उतरले आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो या अर्जेंटिनी लेखिकेने त्यांची सान इसिद्रोमध्ये नदीकाठच्या घरात सोय केली. पेरू राहिलंच. 'पूरबी' हा संग्रह त्यांनी तिला अर्पण केला, 'विजया' या नावाने. कृष्णाकाठचीताई, तुमच्या सासूबाई कवीपेक्षा पुढे पोचल्या.

पाणीच_बरं

राजगिरा वाचून माघार घेतो. प्रश्न: लशींचं काय?

कृष्णाकाठची

@पाणीच_बरं, चांगलं विचारलंत. पीतज्वराची लस घ्या, निघायच्या किमान दहा दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच, आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. अर्जेंटिना, पेरू, ब्राझील इथून परत भारतात उतरताना ते मागतात. नसेल तर विलगीकरणात बसवू शकतात. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, सासूबाईंचं आम्ही विचारूनच केलं. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, वकिलातीकडूनच खात्री करा.

@चिलीमिली, सासूबाई विचारताहेत की पुढच्या वेळी मंजिरी पोस्टाने पाठवली तर चालेल का.

चिलीमिली

नाही!! आणि काकूंना सांगा, तुळस इथे उमितात घालायला ढिगाने मिळते. विष्णूला चालेल का ते त्यांनी ठरवावं.